थांबलेल्या पाण्यावरची ड्राय फ्लाय: गावात बसून बांधा, बोडीवर शिका, ट्राऊटवर वापरा

ड्राय फ्लाय म्हणजे हूकवर दोऱ्यानं पिसं बांधून केलेला, पाण्यावर तरंगणारा खोटा किडा, ट्राऊट मासोळी धरायला. विदर्भात ट्राऊट नाही, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर कोणी रॉड घेऊन गोसीखुर्दला जाऊन उभा राहील. ट्राऊटला थंड पाणी लागतं, साधारण १० ते १६ डिग्रीचं, २० च्या वर गेलं की तिचं खाणं सुटतं, आणि आपल्या बोडीचं (गावच्या छोट्या तलावाचं) पाणी मे महिन्यात अंगोळीसाठी गरम करायचंही काम पडत नाही. ती भारतातली मूळची नाहीच, इंग्रजांनी १९०० च्या सुमारास काश्मिरात अंडी आणून वाढवली, तशीच निलगिरी, हिमाचल, उत्तराखंड, मुन्नार वगैरे थंड जागी पसरवली. ब्राऊन आणि रेनबो अशा दोन जाती आहेत. काश्मिरात गंगाबल, विशनसर, कृष्णसर असे साडेतीन हजार मीटरच्या वरचे तलाव आहेत, तिथे ट्राऊट आहे आणि परवाना काढून गळ टाकता येतो.

मग भंडारा-गोंदियाकडच्या माणसानं हे कशाला वाचायचं? कारण फ्लाय बांधणं आणि ती थांबलेल्या पाण्यावर नीट ठेवणं ह्या दोन्ही गोष्टी इथं बसून शिकता येतात, आणि तिकडे जाऊन शिकायला लागलात तर सुट्टी संपते. नदीत पाणी वाहतं म्हणून मासोळीला पटकन ठरवावं लागतं, खायचं की सोडायचं. तलावात तिला घाई नसते. ती खालून येते, फ्लायच्या खाली थांबते, बघते, आणि जरा काही वेगळं वाटलं की निघून जाते, आपल्याला पत्ताही लागत नाही. म्हणून थांबलेल्या पाण्याचा सगळा खेळ तीनच गोष्टींवर आहे: फ्लाय पाण्याच्या पापुद्र्यात बसलेली पाहिजे, तिच्याजवळचा दोरा बुडालेला पाहिजे, आणि हात थांबलेला पाहिजे. खाली जे काही लिहून राहिलो ते ह्या तीन गोष्टींसाठीच आहे.

सामान, आणि त्यातलं काय खरंच विकत घ्यायचं

पैसे खर्च करायचे ते हूकवर. आठवडी बाजारात मिळणारे काळे जाड गळ इथं चालत नाहीत, ते स्वतःच्या वजनानं फ्लायला घेऊन बुडतात. ड्राय फ्लायचे बारीक तारेचे हूक ऑनलाइन मागवा, नंबर १२, १४ आणि १६. नंबर वाढला की हूक लहान होतो, हे नवीन माणसाला उलटं वाटतं. पाकीट आलं की बांधण्याआधी प्रत्येक हूकचा काटा, म्हणजे टोकाजवळचा तो उलटा दात, पक्कडीनं दाबून सपाट करा. मासोळी सोडायला सोपं जातं आणि स्वतःच्या कानात घुसला तर तोही तितक्याच सहज निघतो. दाबताना हूक तुटला तर बांधण्याआधीच कळलं हे बरं.

हूक धरायला वाइस लागतो. चांगला महाग येतो, पण सुरुवातीला इलेक्ट्रॉनिक रिपेअरिंगवाले वापरतात तो पिन-वाइस लाकडाच्या ठोकळ्यात आडवा बसवून टेबलाला क्लॅम्प केला तरी काम भागतं. एवढंच बघा की हूक घट्ट धरला जातो आणि दोरा ओढला की फिरत नाही. दोऱ्याची रीळ धरायला सायकलचा जुना स्पोक यू आकारात वाकवा, दोन्ही टोकं रिळाच्या भोकात अडकवा आणि मधल्या वाकावर रिकाम्या रिफिलचा दोन इंचाचा तुकडा दोऱ्यानं बांधून फेविक्विक मारा. रिफिलमधून दोरा ओवला की झाला बॉबिन. रिफिलची कड ब्लेडनं कापल्यावर खरखरीत राहते आणि ऐन गाठीच्या वेळी दोरा तोडते, म्हणून ती काडीच्या आगीजवळ नुसती दाखवून गोल करून घ्या.

दोऱ्याच्या बाबतीत आपण नशिबवान आहोत. मोहाडी तालुक्यात आंधळगावला कोसा, म्हणजे टसर रेशीम, विणतात, तिकडे गडचिरोलीत आरमोरीला पण, विणकराच्या घरी गेलं तर तुकड्यातली एकेरी तार सहज मिळते. तिला मेणाच्या खड्यावरून एकदा ओढून घ्या म्हणजे ती सुटी होत नाही आणि हूकवर पकडते. रंग मधासारखा असतो आणि ओला झाला की गडद होतो, किड्याच्या अंगाला एकदम जमून जातो. फक्त १६ नंबरच्या बारीक हूकवर कोसा जाड पडतो, तिथं ७० डेनियरचा काळा पॉलिएस्टर धागा घ्या. शिलाई मशीनचा साधा दोरा वापरूच नका, दहा वेढ्यांतच हूकवर गाठोडं होतं.

बाकी बारीक टोकाची कात्री, बिनरंगाची नेलपॉलिश (घरात असतेच, विचारून घ्या), आणि गाठ सरकवायला रिकाम्या बॉलपेनचं टोक.

पिसं कोणती, कुठून, आणि कोणती अजिबात नाही

गावरान कोंबडा. ब्रॉयलर नाही. ब्रॉयलर कोवळ्या वयातच कापला जातो, त्याचं पीस मऊ असतं, पाणी पिऊन बसतं. ड्राय फ्लायला लागते ती पूर्ण वाढलेल्या नराच्या मानेवरची लांब, निमुळती, चमकणारी पिसं, ज्यांचे तंतू बोटानं उलटे केले तर टणकन परत येतात. हिंदुस्थानी कोंबड्यांच्या अशा माना वर्षानुवर्षं परदेशात फ्लाय बांधणाऱ्यांकडे जाऊन राहिल्या आणि आपण त्या उकिरड्यावर टाकून राहिलो. गावात कोणाकडे पाहुणे आले, कोंबडा कापला की मान मागून घ्या. चामडीला मीठ लावून सावलीत वाळवा, नाहीतर पिसं उपटून शाम्पूच्या कोमट पाण्यात धुऊन पेपरवर पसरा. वाळल्यावर झाकणाच्या डब्यात डांबरगोळीसोबत ठेवा, नाहीतर दोन महिन्यांत कीड लागून नुसत्या काड्या उरतात.

दुसरं पीस बदकाचं. बदकाच्या शेपटीच्या मुळाशी वरच्या अंगाला तेलाची गाठ असते, तिच्याभोवती छोटी, धुरासारखी विरळ पिसं असतात. फ्लायवाले त्याला सीडीसी म्हणतात. ह्या पिसाचे तंतू हवेचे बारीक बुडबुडे धरून ठेवतात म्हणून ते तरंगतं. एका बदकाला थोडीशीच निघतात, पण एका फ्लायला लागतात दोन, त्यामुळे पुरतात.

तिसरं मोराचं. डोळ्याच्या खाली देठाला जे हिरवट तांब्यासारखे चमकणारे लांब तंतू असतात तेवढेच. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली मोराला पूर्ण संरक्षण आहे, त्यामुळे वावरात आपोआप गळलेलं पीस उचलायचं, बाकी काही नाही, आणि पिसं किंवा त्यापासून बांधलेली फ्लाय देशाबाहेर कोणाला पाठवायची नाही. परदेशातल्या काही फ्लाय हरणाच्या केसांच्या असतात, ते बघून कोणी चितळ-सांबराचे केस आणून देतो म्हणाला तर सरळ नाही म्हणा. तो गुन्हाच आहे. आणि त्या केसांचं तरंगायचं काम आपल्याकडे शाळेच्या स्टेशनरीत मिळणारी २ मिलीमीटरची फोम शीट जास्त चांगलं करते.

पहिली फ्लाय: एफ-फ्लाय, हिच्यावरच जास्त वेळ घालवा

स्लोव्हेनियाचे मारियान फ्रात्निक यांची ही फ्लाय. हूक, दोरा आणि दोन बदकाची पिसं. इतकी साधी की नवीन माणसाचा विश्वासच बसत नाही, त्याला वाटते काहीतरी राहून गेलं. थांबलेल्या पाण्यावर माझी पहिली पसंती हीच, कारण हिला खाली पाय नाहीत, अंग सरळ पाण्यात चिकटून बसतं आणि वर फक्त पंख राहतो.

१४ नंबरचा हूक वाइसमध्ये असा धरा की त्याची दांडी जमिनीला समांतर राहील. डोळ्याच्या (दोरा ओवायच्या कड्याच्या) मागे दोनेक मिलीमीटर जागा सोडून दोरा सुरू करा: दोऱ्याचं मोकळं टोक डाव्या हातात, बॉबिन उजव्या हातात, चार-पाच वेढे मागे मागे असे घ्या की ते स्वतःच्या टोकावर चढतील. टोक कापा. आता वेढ्याला वेढा लावत मागे जा, जिथून हूक खाली वाकायला लागतो तिथपर्यंत, आणि तसेच परत पुढे या. झालं अंग. बारीक राहू द्या. नवीन माणूस इथं हमखास अजून एक थर चढवतो, चढवू नका, खरी चिलटं बघा कधी दिव्याखाली, त्यांचं अंग दोऱ्याइतकंच असतं.

आता पिसं. दोन्ही पिसं एकावर एक ठेवा, टोकं जुळवा, देठ पुढे आणि टोकं मागे. लांबी अशी की टोकं हूकच्या वाकाच्या थोडी पलीकडे जातील. डाव्या हाताच्या अंगठा आणि पहिल्या बोटात चिमटीत घट्ट धरून हूकवर ठेवा आणि दोरा चिमटीच्या आतून सैल वर न्या, पलीकडून खाली आणा, मग सरळ खाली ओढा. ह्या ‘सैल वर, सरळ खाली’मध्ये सगळं आहे, आडवं ओढलं तर पीस हूकच्या बाजूला घसरून लटकते आणि फ्लाय पाण्यावर कलंडते. असे तीन-चार घट्ट वेढे. देठं कापताना चिमटी सोडू नका. डोळ्यामागे जागा उरलीच पाहिजे, तिथं पीस घुसलं तर पाण्यावर गेल्यावर दोरा ओवताना तुम्ही मला शिव्या द्याल.

गाठ: बॉलपेनच्या टोकावर दोऱ्याचा एक फास घ्या, टोक हूकच्या डोळ्यावर टेकवा, फास सरकवून डोळ्यामागे ओढा. असं चारदा. दोरा कापा, सुईच्या टोकानं नेलपॉलिशचा एक थेंब, थेंब म्हणजे थेंबच, पिसाला लागला की ते पीस गेलं. शेवटी पंख वरून बघा, फार लांब वाटला तर टोकाला आडवा एक कट.

पहिल्या बांधलेल्या फ्लाय कशाही दिसतील. पेल्यात पाणी घेऊन वरून सोडून बघा, पंख वर आणि अंग पाण्यात बसलं तर ती फ्लाय चांगली, मग ती दिसायला कशीही असो. कलंडली तर ब्लेडनं पिसं सोलून तोच हूक परत वापरा.

दुसरी: ग्रिफिथ्स नॅट

अमेरिकेत ट्राऊट अनलिमिटेड म्हणून संस्था आहे, तिच्या संस्थापकांपैकी जॉर्ज ग्रिफिथ ह्यांच्या नावानं ही ओळखली जाते. चिलटांचा घोळका पाण्यावर पडलेला असतो तसा तिचा आव असतो. १६ नंबर, काळा धागा. दोरा मागे नेऊन तिथं कोंबड्याचं एक पीस देठाकडून बांधा. पीस निवडताना ते हूकभोवती वाकवून बघा, तंतूंची लांबी हूकच्या तोंडाच्या (दांडी आणि टोकातल्या अंतराच्या) दीडपटीपेक्षा जास्त नको. त्याच ठिकाणी मोराचे दोन तंतू टोकाकडून बांधा, दोऱ्याभोवती पीळ देऊन पुढे गुंडाळत या, पीळ दिला म्हणजे मासोळीच्या दातानं लगेच तुटत नाही. मग कोंबड्याचं पीस त्याच्यावरून मोकळे मोकळे पाच-सहा वेढे घेत पुढे आणा, बांधा, जास्तीचं कापा, गाठ.

इतपर्यंत सगळेच सांगतात. थांबलेल्या पाण्यासाठी एक काम अजून करा: फ्लाय उलटी करून खालच्या बाजूचे तंतू कात्रीनं हूकच्या टोकाच्या पातळीत सपाट कापून टाका. न कापलेली फ्लाय तंतूंच्या टोकांवर उंच उभी राहते, वाहत्या नदीत ते बरं, पण तलावात मासोळी खालून बघते तेव्हा तिला अंग पाण्यात रुतलेलं दिसायला पाहिजे.

तिसरी: फोमचा भुंगा

ही सगळ्यात सोपी, पोरं पण बांधतात. १२ नंबर, काळ्या फोमची ४-५ मिलीमीटर रुंद पट्टी, तिचं एक टोक निमुळतं कापून हूकच्या वाकाजवळ बांधा, बाकी पट्टी मागे लोंबू द्या. मोराचे तीन तंतू गुंडाळून अंग करा. दांडीवर फेविक्विकचा एक ठिपका, मग पट्टी पुढे दुमडून डोळ्यामागे बांधा, पुढे निघालेला तुकडा छोटा ठेवून कापला की ते डोकं. पाय पाहिजेत तर जुन्या इलॅस्टिकच्या पट्टीतला रबराचा तंतू आडवा बांधा. पाठीवर केशरी फोमचा एक कण चिकटवला तर आपल्याला लांबून दिसते, मासोळीला तो दिसत नाही. दोरा फोमवर फार आवळू नका, फोम चिरतो.

दोरा बुडाला पाहिजे

रॉड ९ फुटाचा, ५ नंबर (हा लाइनच्या वजनाचा नंबर, हूकचा नाही), तरंगणारी लाइन, म्हणजे फ्लायला फेकून नेणारा जाड दोरा. एवढं एकदा घेतलं की बरेच वर्षं चालते. लाइनच्या पुढे जो निमुळता पारदर्शक दोरा असतो तो लीडर, तो ९ फुटाचा घ्या आणि त्याच्यापुढे साधारण ०.१५ मिलीमीटरचा नायलॉन, ज्याला ५एक्स म्हणतात, तीन-चार फूट जोडा. एकूण १२-१३ फूट झाला पाहिजे. लाइन पाण्यावर पडल्याची खळबळ फ्लायपासून लांब राहावी म्हणून. फ्लोरोकार्बन ड्राय फ्लायला नको, तो जड असतो, हळूहळू फ्लायला खाली ओढतो.

आता नायलॉन तरंगतो. वाऱ्याच्या लाटांमध्ये चालून जाते, पण निवांत पाण्यावर तरंगणाऱ्या दोऱ्याभोवती पाण्याचा पापुद्रा वाकतो आणि उन्हात त्याची जाड सावली खाली तळाला पडते. ती सावली एकदा उथळ पाण्यात बघून घ्या, दोरा दिसणारही नाही पण सावली दोरखंडाएवढी दिसते. तर फ्लायजवळचे दोन-तीन फूट बुडवायचे. त्याचा लेप बाजारात मिळतो, पण तो मुळात मुलतानी मातीच असते: दोन चमचे मुलतानी, भांड्याच्या लिक्विडचे काही थेंब, थोडं ग्लिसरीन, मळून घट्ट गोळा करा आणि फिल्मच्या जुन्या डबीत नाहीतर बामच्या डबीत ठेवा. दोऱ्यावरून चिमटीनं ओढला की वरचा तेलकटपणा जातो आणि दोरा पाण्याच्या लगेच खाली बसतो. दर थोड्या वेळानं परत लावा. फ्लायला लागू देऊ नका, ती बुडते.

आणि उलट बाजूनं, कोंबड्याच्या पिसाच्या फ्लायला अगदी नखभर व्हॅसलिन बोटांत वितळवून लावलं तर ती जास्त वेळ तरंगते. बदकाच्या पिसाला मात्र कधीच नाही, तंतू चिकटून त्यातली हवाच जाते.

बोडीवर शिकायचं

आधी पाण्याशिवाय. खळ्यावर नाहीतर शाळेच्या ग्राउंडवर, फ्लायच्या जागी लोकरीचा छोटा फुंदका बांधून. रॉड मागे नेताना डोक्याच्या थोडा मागे थांबवा, मागची लाइन सरळ होईपर्यंत थांबा, मग पुढे. थांबत नाहीत म्हणून सगळ्यांची लाइन फटका मारल्यासारखी वाजते आणि फ्लाय तुटते. पुढे सोडताना पाण्यावर नाही, पाण्याच्या दोन-तीन फूट वरच्या हवेवर नेम धरा. तिथं लाइन सरळ होते आणि फ्लाय तरंगत खाली येते.

मग तलाव. पूर्व विदर्भात मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, हजारांनी आहेत, पण मोकळा कोणताच नाही, बहुतेकांचा ठेका ढिवर भावांच्या मच्छीमार सोसायटीकडे असतो आणि त्यात त्यांनी पैसे देऊन बीज सोडलेलं असतं. म्हणून आधी जाऊन विचारायचं, काय करणार ते दाखवायचं, जे धरलं ते सोडणार हे सांगायचं. शक्यतो कोणी नाही म्हणत नाही, हसतात मात्र. आमच्या टोलीवरचे एक काका बराच वेळ पाळीवर बसून बघून राहिले होते, शेवटी न राहवून म्हणाले, "काऊन बापू, पाण्यात टाकाची आहे का वरच फिरवाची आहे?" मुद्दा बरोबर होता, हवेत जितक्या फेऱ्या जास्त तितकी मासोळी बिचकते, एक-दोन फेऱ्यांत टाकून मोकळं व्हायचं. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात येणारं पाणी असेल, तिकडे रॉड न्यायचाच नाही. आणि पावसाळ्यात बीज सोडलेलं असतं, अंडी घालायचा काळ असतो, तेव्हा राहू द्या.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीची सकाळ सगळ्यात चांगली, वारा सुटायच्या आधी. काठाला बेशरमची झुडपं आणि मागे बाभूळ असणारच, मागे जागा नसेल तर लाइन मागे न फेकता पाण्यावरून ओढून घेऊन पुढे गुंडाळी सोडायची, त्याला रोल कास्ट म्हणतात, ती शिकूनच घ्या. मागे पोरं आणि बकऱ्या आहेत का हे प्रत्येक वेळी बघा, टोपी आणि चष्मा घाला.

इथं ट्राऊटचं काम करतात त्या वरच्या वर फिरणाऱ्या बोटभर चंदेरी मासोळ्या. त्यांना १६ नंबरची फ्लाय जेमतेम तोंडात मावते, पण नेम शिकवायला ह्यांच्यासारखा मास्तर नाही. तिलापिया पण भुंगा घेते. कतला वर तोंड काढून फिरताना दिसला तर हुरळून जाऊ नका, तो पाण्यातलं बारीक खाद्य गाळून खातो. मरळ भुंग्यावर धाव घेते, पण तिचे दात बारीक दोरा टिकू देत नाहीत. आणि पाण्यावर केशरी-लाल पिल्लांचा गोळा उकळ्या फुटल्यासारखा दिसला तर मरळीची जोडी खाली राखणीला असते. तिथं फ्लाय टाकूच नका, आईबाप गेले की पूर्ण थवा बाकीच्या मासोळ्या खाऊन टाकतात.

ट्राऊटच्या तलावावर गेल्यावर

परवाना त्या राज्याच्या मत्स्य विभागाकडून आधी काढायचा, किती धरायच्या आणि किती लांबीच्या खाली सोडायच्या ते त्याच्यावर लिहिलेलं असतं. गेल्या गेल्या रॉड जोडू नका. काठापासून चार पावलं मागे, भडक शर्ट न घालता, बसून बघा. ट्राऊट काठाच्या फार जवळ खाते, आणि नवीन माणूस नेमका तिथंच गुडघाभर पाण्यात जाऊन उभा राहतो.

काय बघायचं? नदीत ट्राऊट एका जागी राहते आणि खाणं तिच्याकडे वाहत येतं, तलावात तिला फिरावं लागतं, बहुतेक वेळा वाऱ्याकडे तोंड करून. म्हणून पाण्यावर वर्तुळ उठलं की तिथं फ्लाय टाकणं व्यर्थ आहे, ती पुढे गेली. दुसरं वर्तुळ कुठं उठतं ते बघा, दोन्हींमधून रेघ काढा, आणि त्या रेघेवर पुढे पाच-सहा फुटांवर फ्लाय ठेवा.

वर्तुळसुद्धा वाचता येतं. शांत चुटकीसारखं वर्तुळ आणि मध्ये एखादा बुडबुडा राहिला तर तिनं वरचा किडा घेतला, एफ-फ्लाय किंवा नॅट टाका. तोंड दिसत नाही, फक्त पाठ आणि पर वर येऊन वळून जातात, तर ती पापुद्र्याच्या लगेच खाली चढत येणारे चिलटांचे कोष खाऊन राहिली, तिथं एफ-फ्लायचा पंख निम्मा कापून टाका म्हणजे ती अजून खाली बसेल. धपकन पाणी उडालं तर मोठा किडा, भुंगा टाका. हवा थोडी सुटली की पाण्यावर गुळगुळीत पट्टे पडतात, फेस आणि मेलेले किडे त्या पट्ट्यात जमा होतात आणि ट्राऊट त्या पट्ट्यातून वाऱ्याकडे सरकत जाते. पट्टा काठाजवळ आला तर बाकी तलाव विसरा.

फ्लाय पडली. आता काहीच करू नका. लाइन सरळ ठेवायला जेवढी ढील गोळा करावी लागते तेवढी करा, पण फ्लाय हलली नाही पाहिजे. ह्या पाण्यावर हलणारी फ्लाय मागे रेघ सोडते आणि ती रेघ बघून ट्राऊट निघून जाते. दोन मिनिटं, तीन मिनिटं राहू द्या, आपल्या माणसाला हे सगळ्यात जड जाते. अगदीच कंटाळा आला तर एकदाच, इंचभर, आणि परत थांबा.

आणि घेतली की लगेच ओढू नका. इथं बोडीवर लागलेली सवय आड येते, कारण आपल्या बोटभर मासोळ्या फ्लाय लगेच थुंकतात आणि तिथं झटक्यात ओढावं लागतं. ट्राऊट वर येते, तोंड उघडते, खाली वळते, आणि वळल्यावर तोंड बंद होते. तोंड उघडं असताना ओढलं तर फ्लाय तशीच बाहेर येते. मनात सावकाश "जय गुरुदेव" म्हणा आणि मग रॉड वर उचला, झटका नाही, नुसता उचला. ०.१५ च्या दोऱ्याला झटका सहन होत नाही.

लागली की रॉड उभा ठेवा, पळाली तर पळू द्या, थांबली की आत घ्या. सोडायची असेल तर हात आधी पाण्यात ओले करा, कोरड्या हातानं तिच्या अंगावरचा चिकट थर निघतो आणि तिथं बुरशी लागते. पाण्याबाहेर न काढता हूक सोडवा, तोंड पुढे करून धरा, ती स्वतः निघून जाते.

मासोळीनं चिकटवलेली एफ-फ्लाय लगेच परत तरंगत नाही. पाण्यात खळबळून तो चिकटपणा धुवा, रुमालात दाबा, जोरात फुंका. नाही झाली तर शूजच्या डब्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या खड्यांच्या डबीत टाका (खडे फोडू नका, ती पूड श्वासात जायला नको) आणि दुसरी लावा. म्हणूनच जाताना एफ-फ्लाय डझनभर, नॅट आणि भुंगे सहा-सहा घेऊन जा. दुपारी वारा चढला की डोंगरातल्या तलावावर लाटा येतात, तेव्हा फक्त भुंगा चालतो, आणि लाटांवर फेस दिसायला लागला की संध्याकाळपर्यंत रॉड ठेवून द्या.